उघाडीवरचं चाक

कोपरखैरणे,
रविवार, २२ फेब्रुवारी १९८७

चि. रोहिदास यास चंदाताईचे आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरा असशील असं मी आपलं धरून चालते, कारण स्वतःहून ते कळवायची तुला सवय नाही.

दिवाळीचं तुझं पत्र मिळाल्याला तीन महिने झाले. उत्तराला उशीर केला म्हणून नाक मुरडू नकोस. आठ वर्षं मी राखी पाठवते आणि 'राखी मिळाली, मी ठीक' एवढंच कार्ड येतं. या वेळी एकदम तीन पानं, वर फोटो! मला सावरायलाच तीन महिने लागले.

फोटोत तू टॉवरखाली उभा आहेस, डोक्यावर पिवळी टोपी. पोट सुटलंय. मिशी मुळीच शोभत नाही, काढून टाक. पत्र मी चौथीच्या वर्गात वाचून दाखवलं. भूतानच्या नदीवर वीजघर, तिथली तार डोंगर उतरून, सीमा ओलांडून बंगालात आली, आणि दोन देशांची वीज जोडली त्या दिवशी तू खोलीत सुयांकडे बघत उभा होतास, हे सगळं. पावसाळ्यात त्यांच्याकडे वीज उरते, आपल्याकडे कमी पडते, मग एकाची उरलेली दुसऱ्याने घ्यायची, हे पोरांना चटकन समजलं. एकीने विचारलं, "बाई, तारेला पासपोर्ट लागतो का?" साहेबांना विचारून सांगते म्हटलं. तेव्हा तेही कळव.

बाबांनाही वाचून दाखवलं. तू त्यांच्यासाठी एक ओळ लिहिली नव्हतीस, तरी दाखवलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "परत वाच." मग परत वाचलं.

आता इकडचं. तू गेलास तेव्हा आपल्या मिठागरावर नुसता मातीचा भराव पडत होता. आता तिथे तीन-तीन मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यांच्या व आपल्या गावाच्या मध्ये सोसायटीने भिंत घातली आहे, वर काचा लावून. भिंतीपलीकडे दिवे लखलखीत. अलीकडे संध्याकाळी सातला बल्ब लावला की आतली तार लाल दिसते, उजेड काही पडत नाही. तू दोन देश जोडलेस म्हणून अभिमान आहेच, पण बंगालला भूतानची वीज मिळते आणि आम्हाला भिंतीपलीकडची मिळत नाही, हे तुझ्या कुठल्या पुस्तकात बसतं ते सांग.

आणि एक गोष्ट मी दोन वर्षं लिहायची टाळली. आपली उघाडी आठवते? खाडीच्या बांधातलं ते जुनं दार, ज्यातून भरतीचं पाणी आगरात घ्यायचो आणि फळ्या टाकून अडवायचो. भराव तिथवर पोचला नाही. दाराच्या आत पाच-सहा वाफ्यांएवढं तळं राहिलं आहे. बाबांनी त्या दारावर चाक बसवलंय. भरतीला तळं भरून घ्यायचं, फळ्या टाकायच्या, खाडी खाली गेली की फळ्या उचलायच्या. पाणी धो धो निघतं आणि चाक फिरतं. कळंबोलीच्या भंगारातून ट्रकचा मागचा ॲक्सल आणला, गिअरसकट. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला पट्टा लावून ट्रकचाच डायनॅमो, आणि सहा बॅटऱ्या. अकरा दिवे लागतात रे! शाळेची खोली, खाली होड्या लागतात तो धक्का, विहिरीचा रस्ता. सत्तर वर्षांच्या अंगठेबहाद्दर माणसाने केलंय हे. चाकाचं चित्र त्यांना कुठून मिळालं ते तुला ओळखू येईल, म्हणूनच लिहीत नव्हते.

आता अडचण अशी की ३१ मार्चच्या आत उघाडीत माती टाकायचा हुकूम आलाय. नव्या सेक्टरचा रस्ता तिथून जातो. मी कागद घेऊन सहा कचेऱ्या हिंडले. शेवटी अपारंपरिक ऊर्जेच्या खात्यात एकाने ऐकून घेतलं. त्यांचा इंजिनिअर येऊन बघणार, त्याने पास केलं तर उघाडी राखायची, तिथे प्रयोगाचं केंद्र करायचं आणि आपली वीज बोर्डाच्या तारेला जोडायची. नाही केलं तर माती. तारीख आम्हालाच विचारली होती. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी पोरंही येतील, म्हणून मी ७ मार्च कळवली.

तुझं मत मागत नाही. पण दोन ओळी लिहिल्यास तर वाचेन.

तुझी,
चंदाताई


कोपरखैरणे,
मंगळवार, १० मार्च १९८७

चि. रोहिदास यास आशीर्वाद.

दोन ओळी आल्या नाहीत. हरकत नाही. मी लिहिते, तू वाच, एवढं तरी तुझ्याकडून होईल.

शनिवारी चाक फिरलं नाही.

तू डोंगरातल्या नदीजवळ राहतोस. नदी रोज वाहते, तिला तिथी लागत नाही. म्हणून आठवण करून देते, भांग म्हणजे काय ते. पुनवेला-अवसेला उधाण, पाणी बांधाला टेकतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी चिखलातच घुटमळतं आणि उघाडीपर्यंत चढतच नाही. सात तारखेला फाल्गुन शुद्ध अष्टमी होती. तारीख चुकली. कशी चुकली ते सोड.

तळं दोन दिवसांपासून रिकामं. बॅटऱ्यासुद्धा उतरलेल्या. दुपारी तीनला जीप आली. इंजिनिअरांचं नाव नंदकुमार, तुझ्याहून लहान, नवे कोरे बूट. पोरं बांधावर ओळीने बसली होती, निम्मं गाव उभं होतं. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. साहेब आल्यावर त्यांनी फळ्या उचलल्या. खाली कोरडा चिखल. तरी उचलल्या, सगळ्या, एकेक करून, आणि बाजूला रचून ठेवल्या. साहेबांना चाक तरी नीट दिसावं असं त्यांना वाटलं असेल.

साहेब हसले नाहीत, ते बरं केलं. पण म्हणाले, "मॅडम, मी रिपोर्टमध्ये काय लिहू? पाणी आज कॅज्युअल लीव्हवर आहे?"

बाबा म्हणाले, "साहेब, पुनवेला या. पानी आपल्या पायानं येतं."

"आजोबा, पुनवेला ऑफिसला सुट्टी असते. होळी आहे."

लिहिलं ते असं: 'यंत्र चालू स्थितीत आढळले नाही. पाण्याचा पुरवठा अनियमित.' अनियमित! घड्याळं चुकतात, कचेऱ्या चुकतात, तुझी पत्रं तर कधी येतात तेच कळत नाही. या पृथ्वीवर वेळ पाळणारी एकच गोष्ट आहे ती भरती, आणि तिला हा माणूस अनियमित म्हणतो. मी त्याला तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

सगळे गेल्यावर मी बांधावर बसले होते तर भिंतीच्या बाजूने एक बाई आल्या. सरोजिनीबाई, साताऱ्याकडच्या. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात, राहतात भिंतीला लागून असलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांत कधी बोलणं नव्हतं. म्हणाल्या, "आज नव्हतंच फिरायचं ते. मला ठाऊक होतं."

मी म्हटलं, तुम्हाला कसं?

"अहो, गॅलरीतनं बघते की मी रोज. रोज पाऊण तास उशिरा फिरतं. मग हळूहळू मंदावतंय, चार-पाच दिवस गप्प बसतंय, आणि परत जोरात. माझं दळण, दूध, पोरीची शाळा, सगळं त्याच्या अंदाजानं चाललंय बघा. त्या साहेबाला कुणी अष्टमीला बोलवलं?"

मी विषय बदलला, तुमची मुलगी कितवीला म्हणून विचारलं.

पण गप्प बसायची माझी जात नाही, हे तुला माहीत आहे. सोमवारीच नवा अर्ज केला. म्हटलं, तपासणी चुकीच्या तिथीला झाली, पुन्हा करा, १७ मार्चला, आणि सोबत अहवाल जोडला. चांगला नऊ पानांचा, चाकाचं चित्र, पाण्याची उंची, पंधरा दिवसांतले कुठले आठ दिवस वीज निघेल आणि उरलेले सात दिवस बोर्डाकडून का घ्यावी, म्हणजे तुमच्या भूतानसारखंच, आपली उरली की द्यायची, कमी पडली की घ्यायची. एका इंजिनिअरचा अहवाल आहे. मी स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

त्या इंजिनिअरबद्दल पुढे लिहीन.

तुझी,
चंदाताई


कोपरखैरणे,
बुधवार, १८ मार्च १९८७
फाल्गुन वद्य तृतीया

चि. रोहिदास यास चंदाताईचा आशीर्वाद.

या वेळी वर तिथी घातली आहे ती बघ. यापुढे माझ्या प्रत्येक पत्रावर असेल आणि सरकारी अर्जावरही असेल.

आधी आनंदाचं सांगते. गेल्या आठवड्यात भिंतीपलीकडे खोदणाऱ्या यंत्राने जमिनीतली केबल तोडली. गुरुवारपासून पलीकडे अंधार. दहावीची परीक्षा चालू, सरोजिनीबाईंची नंदिनी दहावीला. शुक्रवारी चतुर्दशी, पाणी चढलेलं, संध्याकाळी आपल्या बॅटऱ्या भरलेल्या. सरोजिनीबाई भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "चंदाबाई, तुमच्या अकरातला एक इकडं पाठवता का?"

मी म्हटलं, चार पाठवते.

विहिरीच्या रस्त्यावरचे दिवे काढले. भिंतीवर काचा आहेत म्हणून बाबांनी जुन्या जाळ्याची घडी करून त्यावर टाकली आणि तार पलीकडे सोडली. पलीकडे सरोजिनीबाईंनी ती कपडे वाळत घालायच्या खिळ्यांना गुंडाळत जिन्यापर्यंत नेली. साडेसातला त्यांच्या जिन्यात दिवे लागले. इमारतीतली अठरा मुलं आणि आपल्या गावातली सहा, एकेका पायरीवर दोघं-दोघं बसून अभ्यास करत होती. गावातली सहा फाटकातून गेली बरं, आजवर त्यांना त्या फाटकाच्या आत घेत नसत.

शनिवारी सोसायटीचे सेक्रेटरी वामनराव आले. गावठाणाची तार सोसायटीच्या आवारात बेकायदा आहे, काढून घ्या म्हणाले. सरोजिनीबाई वरून म्हणाल्या, "काढा की. पण आधी तुमच्या घरातला दिवा लावून दाखवा." मग इतर गॅलऱ्यांतूनही बायका बोलायला लागल्या. वामनराव टेन्शनमध्ये परत गेले. केबल रविवारी दुरुस्त झाली, तार अजून तिथेच आहे. तू लिहिलं होतंस ना, की जोडताना दोन्हीकडची सुई एका ठिकाणी यायची वाट पाहावी लागते? आमच्याकडे सुया नव्हत्या. आम्ही जोडून टाकलं.

आता कालचं. काल वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, बाबांनी लहानपणी शिकवलेलं. दोनची पाऊणपट दीड. दीडला पाणी बांधाला लागलं, तळं काठोकाठ. नंदकुमार साहेब साडेतीनला आले, या वेळी चपला घालून. बाबांनी पहिली फळी उचलली, मग दुसरी, तिसरीला मी हात लावला. पाण्याचा लोट आला आणि चाक असं गरगरलं की बांध हादरला. साहेब मागे सरले. मग पुढे झाले, घड्याळ काढून फेरे मोजायला लागले, वही काढली, पँट भिजली त्याचं भान नाही. सहा वाजेपर्यंत हलले नाहीत. दिवे लागले तेव्हा त्यांची नजर तारेवरून भिंतीपर्यंत गेली.

"ही तार पलीकडे कोणाच्या परमिशनने गेली?"

वरून आवाज आला, "माझ्या."

साहेब हसले. पहिल्यांदा. बाबांना म्हणाले, "आजोबा, त्या दिवशी मी चुकलो."

बाबा म्हणाले, "तुमी नाय चुकलाव. दिस चुकला."

इथे मला थांबून एक सांगायला हवं. दिवस आपोआप चुकत नाही. ७ तारीख मी कळवली हे तुला लिहिलंच आहे. जे लिहिलं नाही ते हे, की कागद टपालात टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं होतं, कंचा दिस दिलास? मी सांगितलं. बोटांवर मोजून म्हणाले, "बाय, तो भांगाचा दिस हाय. पानी उघाडीला शिवनार पन नाय. बदलून घे." पंधरा दिवस हातात होते, रोहिदास. मी बदलून घेतलं नाही. सरकारी कागदावर 'त्या दिवशी भांग आहे' असं कारण लिहायचं? इतक्या शिकलेल्या बाईने? ते हसतील, गावंढळ म्हणतील, असं वाटलं. कॅलेंडरवर तिथी छापलेली असते, ती मी रोज बघत होते आणि रोज पान उलटत होते. म्हटलं, थोडं तरी पाणी येईल. आगरावर जन्मलेल्या मुलीने असं म्हणावं!

त्या शनिवारी बाबा कोरड्या चिखलात उभे राहून फळ्या रचत होते ते माझ्या लाजेपायी. गावासमोर, पोरांसमोर. घरी येऊन मला एका शब्दाने बोलले नाहीत.

म्हणून मी पुढचं केलं. आता नीट बसून वाच.

निघताना साहेब म्हणाले, "चाक तर उत्तम आहे, पण मला पटवलं ते या अहवालाने. असा रिपोर्ट आमच्या ऑफिसात कोणी लिहीत नाही. हे रोहिदास मढवी कुठे असतात?"

मी म्हटलं, भूतानच्या लाइनवर.

"उत्तम. फाइलला त्यांचं कन्फर्मेशन लागेल. मी आजच रजिस्टर पत्र टाकतो. त्यांनी 'अहवाल माझा, सही माझी' एवढं लिहून पाठवलं की मातीचा हुकूम रद्द. तोवर स्थगिती."

तर तुझ्याकडे खाकी लिफाफा येईल. सही मी केली आहे. तुझ्या नावाची, तुझ्या वळणाची, र ला शेपटी लांब ओढून. मजकूर मात्र माझा नाही. तुझ्या डिप्लोमाची वही माळ्यावर होती, 'भरती-ओहोटीच्या पाण्यावर वीज', सत्त्याहत्तर सालची. बाबांशी बोलून-बोलून तू ती लिहिली होतीस, आठवतं? पहिल्या पानावर उघाडीचं चित्र आहे. त्याच चित्रावरून बाबांनी चाक केलं, वाचता येत नाही तरी चित्र वाचलं. तू टाकून गेलेली वही त्यांनी दोन वर्षं चिखलात उभं राहून पुरी केली. मी फक्त शुद्धलेखन सुधारलं.

माझ्या हातून तुझी सही इतकी बेमालूम कशी आली, असं विचारशील. हात बसलेला आहे. तुझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही कोण करायचं? गुरुजी म्हणायचे अंगठा नको, सही आणा, मग मी लिहायचे, गणू जोमा मढवी. रेशनच्या अर्जावर मी. आय आजारी पडली तेव्हा दवाखान्याच्या कागदावर मी. आपल्या घरात शाई फक्त माझ्या बोटांना लागायची आणि मला त्याचा केवढा तोरा होता!

एकाहत्तर साली मिठागराच्या संमतीचा कागद आला. तू चौदाचा, मी अठराची. बाबा चावडीवर सगळ्यांदेखत नाही म्हणाले आणि आगरावर निघून गेले. दुपारी तो कारकून आपल्या दारात आला. मी एकटीच होते. म्हणाला, "शिकलेली दिसतेस. विचार कर. संमती दिली तर घरातल्या एका मुलाला जमीन गेल्याचा दाखला, दाखल्यावर टेक्निकलला जागा. नाही दिली तरी जमीन जाणारच, दाखला मात्र नाही." तू तेव्हा बॅटरीचे सेल फोडून त्यातली काडी बघत बसायचास. मला वाटलं, माझ्या भावाला जागा मिळेल. मी पेन घेतलं. गणू जोमा मढवी. इतकं सोपं होतं ते, प्रगतिपुस्तकासारखं.

बाबांनी अंगठा दिला नाही, रोहिदास. कधीच दिला नाही. सही मी केली. ज्या दाखल्यावर तू इंजिनिअर झालास तो त्या सहीचा आहे.

एकोणऐंशीत भरावाचे ट्रक आले तेव्हा तू अंगणात उभा राहून बाबांना म्हणालास, "तुम्ही विकलंत. आजपासून मला बाप नाही." बाबा गप्प राहिले. मी दारात होते आणि मीही गप्प राहिले. तू पिशवी उचलून गेलास. नंतर मी बाबांजवळ रडले, म्हटलं स्टेशनवर जाते, त्याला सांगते. त्यांनी हात धरला. म्हणाले, "नको. त्याचा राग मना पेलतो. तुझ्यावर आला तर राखी कोनाला बांधशील?"

आठ वर्षं तुझा राग ते पेलतायत आणि मी राखी पाठवते आहे. आता मला ती राखी जड झाली.

बाबांची माफी मी काल मागितली, चाकाजवळ, सगळे गेल्यावर. ते म्हणाले, फळ्या पुस, शेवाळ धरतं. मी पुसल्या. तुझीही मागते, आठ वर्षं तुला चुकीच्या माणसावर रागवू दिलं त्याची. पण दुसऱ्या सहीची माफी मी मागणार नाही, तुझीही नाही आणि सरकारचीही नाही. त्या सहीखालचा शब्दन् शब्द खरा आहे, चाक फिरतं, दिवे लागतात आणि भिंतीपलीकडची मुलं त्या उजेडात पेपर देऊन आली.

लिफाफ्यावर काय लिहायचं ते तू ठरव. 'सही माझी नाही' लिहिलंस तर ते खरंच असेल. माझी नोकरी जाईल, पोलीसही येतील कदाचित, आणि उघाडीत माती पडेल. पडू दे. खाडीला बांध एकच नाही आणि कळंबोलीत ॲक्सल पुष्कळ. बाबा दुसरी जागा शोधतील आणि मी त्यांच्यामागून पट्टा घेऊन चालेन. 'माझी आहे' लिहिलंस तर मला वाचवायला म्हणून लिहू नकोस. वही उघडून बघ, तुझी असेल तर लिही.

फक्त गप्प राहू नकोस. आपल्या घरात सोळा वर्षं सगळे गप्प राहून पाहिलं. महिनाअखेरपर्यंत तुझं काही आलं नाही, तर मी स्वतः साहेबांच्या टेबलापुढे उभी राहीन आणि दोन्ही सह्या कोणाच्या ते सांगेन, एकाहत्तरची आणि सत्त्याऐंशीची. पहिलीवरून आमची जमीन घेतलीत ती खोटी असून चालली, मग दुसरी का चालत नाही, एवढंच विचारीन.

सोमवारी, ३० तारखेला पाडवा आहे. प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती, तीनच्या सुमाराला फळ्या उचलायच्या. मधली फळी सागाची आहे, भिजली की दोघांनी धरावी लागते. एका बाजूला बाबा असतात. दुसऱ्या बाजूला आजवर मी असायचे, त्या दिवशी मी बांधावर उभी राहून बघणार आहे. बाबांना तसं सांगून टाकलंय. संध्याकाळी मी पाहिलं, तुझी फोटोतली पिवळी टोपी ते बोटाने पुसत होते.

तुझी ताई,

चंदा गणू मढवी

ही सही माझी आहे. ज्याला पडताळायची असेल त्याने पडताळावी.